विशाखापट्टणमची कुरसुरा: घरच्यांना घेऊन जाच

कुरसुरा या पाणबुडी-संग्रहालयाला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. १९८१ साली नौदलात भरती झालो. चिल्काला कवायत, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं शिक्षण, मग विशाखापट्टणमला सातवाहनवर पाणबुडीचं. पुढची बहुतेक नोकरी कुरसुराच्याच, फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुड्यांच्या (आम्ही त्यांना बोटी म्हणतो) इंजिनरूममध्ये गेली, त्यातली जास्त वागीरवर. १९९६ला पेन्शन घेऊन मालवणला परत आलो आणि तेव्हापासून ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. त्यामुळे मी काही तटस्थ परीक्षक नाही. सासरच्या घराची तारीफ करणाऱ्या जावयाइतपतच माझ्यावर विश्वास ठेवा.

आयएनएस कुरसुरा रामकृष्ण बीचवर, रस्त्याला लागून, काँक्रीटच्या पायावर उभी आहे. ९१ मीटर लांब. सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेली, डिसेंबर १९६९ मध्ये रीगाला नौदलात दाखल झालेली. कलवरी, खांदेरी, करंज आणि ही, अशा आपल्या पहिल्या चार पाणबुड्या. ७१च्या लढाईत ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. नंतर एक काळ असा आला की तिचे सुटे भाग काढून दुसऱ्या बोटी चालवल्या गेल्या. १९८०मध्ये तिला परत रशियात नेऊन दुरुस्त केलं आणि ८२ला ती पुन्हा कामाला लागली. हे ऐकून बायकोला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. बंदरावर दर पावसाळ्यात मी हेच करतो, एका इंजिनाचा पंप काढून दुसरं चालू करतो. ज्या इंजिनाचे भाग काढले ते परत उभं राहणं मात्र क्वचित होतं, आणि कुरसुरा त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं चालली. फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली, ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली.

समुद्रातून ओढून किनाऱ्यावर आणून बसवायला साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला. याच जागी मला जुनी विमानवाहू विक्रांत आठवते. १९९७ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती, २०१२ला ते बंद झालं आणि २०१४ला तिचा भंगार झाला. एवढी मोठी मुंबई, आणि आपल्याला एक जहाज ठेवता आलं नाही. विशाखापट्टणमवाल्यांनी ठेवलं. चिडून लिहितोय, खरं आहे. पण लिहितोच.

आम्ही सहलीच्या पॅकेजमधून गेलो होतो. सिंहाचलम, कैलासगिरी, अराकू खोरं आणि मध्येच कुठेतरी ‘पाणबुडी – अर्धा तास’. सहलवाल्याचं नाव लिहीत नाही, पण बसमध्ये मोजणी करून शिट्टी वाजवणाऱ्या त्या मुलाला मी सांगितलं की आम्हाला सोडून जा, आम्ही रिक्षाने येऊ. तो म्हणाला, “काका, आत एवढं काय आहे? बोगदाच आहे ना?” बोगदाच आहे. सात कप्प्यांचा.

बाजूला लोखंड कापून दारं केली आहेत, पुढून चढायचं आणि मागून उतरायचं. आम्ही वरच्या गोल हॅचमधून शिडीवरून उतरायचो, पण गुडघ्यांचा विचार करता हे दारच बरं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना मात्र अजूनही तीच गोल भोकं आहेत. माझं डोकं आपोआप खाली गेलं आणि पाय आपोआप वर उचलला. इतक्या वर्षांनी. बायको मागून बघत होती. तिला वाटलं पाठीत उसण भरली.

पहिल्या कप्प्यात टॉर्पेडोच्या सहा नळ्या. मागे सातव्यात आणखी चार. एकूण बावीस टॉर्पेडो नेता येत. नळीचा व्यास ५३ सेंटिमीटर, आणि बोट तळाला बसली तर सुटकेचा एक रस्ता याच नळीतून, अंगात सूट चढवून सरपटत. हे मी नातीला सांगितलं. तिने नळीत डोकावून विचारलं, “आबा, तुम्ही यात मावायचात?” तेव्हा मावायचो.

दुसऱ्या कप्प्यात अधिकारी राहायचे आणि त्यांच्या पायाखाली बॅटऱ्या. तिसरा कंट्रोल रूम, तिथे पेरिस्कोपपाशी फोटोसाठी लोक अडून राहतात. मला तिथे कधी फारसं काम नसायचं, त्यामुळे पुढे सरकलो. चौथ्यात खाली पुन्हा बॅटऱ्या, वर राहण्याची जागा आणि गॅली. गॅली म्हणजे एक माणूस वळला तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा, एवढी. तिथून पंचाहत्तर माणसांचं जेवण निघायचं. निघताना कांदे-बटाट्यांची पोती मिळेल त्या कोपऱ्यात कोंबलेली असायची, पहिले काही दिवस त्यांच्यावरूनच चालायचं. ताजी भाजी संपली की डबे उघडायचे. झुरळं आमच्याआधी चढलेली असायची आणि आमच्यानंतरही उतरायची नाहीत.

बंक पाहून बायकोने हाताच्या वितीने रुंदी मोजली. मग म्हणाली, “अहो, यावर झोपायचात? आणि घरी आल्यावर गादीत गाठी आहेत म्हणून मला ऐकवायचात!” तिला अजून हे सांगायचं होतं की प्रत्येकाला स्वतःचा बंक नसायचा. एक वॉचवर, म्हणजे पाळीवर, गेला की दुसरा त्याच गरम गादीवर आडवा व्हायचा. सांगितलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं. मग संडास बघितला, तेव्हा तिने काहीच मोजलं नाही. पाण्याखाली असताना तिथले व्हॉल्व ठरलेल्या क्रमाने उघडायचे आणि बंद करायचे असत. क्रम चुकला तर जे समुद्रात जायला हवं ते आत येई, ते सुद्धा दाबाने. नातीला या संग्रहालयातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

पाचवा कप्पा माझा. तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीची, आणि मध्ये चालायला जेमतेम खांद्याएवढी वाट. लोक इथे फार थांबत नाहीत, लोखंड बघून पुढे जातात. मी थांबलो. मधल्या इंजिनाच्या पाइपावर हात ठेवला आणि तो गार लागला, याचंच जरा विचित्र वाटलं. गरम पाण्यात चाललो असलो की इथला पारा पन्नाशीच्या घरात जायचा. बनियन आणि हाफ पॅन्ट, गळ्यात हात पुसायचा कापूस-कचरा. तिन्ही इंजिनं सुरू असली की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नसे, सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. तेल कमी, थंड कर, बंद कर, चहा आण, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या.

स्नॉर्टवर असताना तर वेगळीच गंमत. बोट पाण्याखाली, हवेची नळी तेवढी वर, इंजिनं चालू, बॅटऱ्या भरतायत. लाट आली की नळीचं तोंड बंद होतं. इंजिनाला ते कळत नाही, ते हवा ओढतच राहतं, आणि ती हवा मग बोटीच्या पोटातून येते. कानाचे पडदे बाहेर खेचले जातात. लाट गेली, झाकण उघडलं, पडदे परत आत. समुद्र खवळलेला असेल तर हे तासन्‌तास. मी हे सगळं हातवारे करून सांगत होतो, आवाज चढवून, आणि दोन-तीन अनोळखी कुटुंबंही उभी राहिली होती. तेव्हा बायको म्हणाली, “म्हणून तुम्ही घरात ओरडून बोलता होय!”

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे तिला त्या कप्प्यात कळलं.

दोष तिचा नाही. सुट्टीवर घरी आलो की काही सांगायचं नसे. कुठे गेलो, किती खोल गेलो, कधी परत जाणार, काहीच नाही. आई विचारायची, “पाण्याखाली जावन तू करतस तरी काय?” मी म्हणायचो, इंजिन बघतो. तिचा समज असा की पाणबुडीला काचेच्या खिडक्या असतात आणि लेक दिवसभर मासे बघतो. शेजारपाजारचेही विचारायचे, मोठा मासा दिसला काय रे? मी होय म्हणायचो, विषय संपायचा. एकही खिडकी नव्हती हे मी कधी सांगितलंच नाही. माझे कपडे आई वेगळे धुवायची, दोनदा धुवायची, तरी डिझेलचा वास जायचा नाही. तो वास माझ्या काळ्या ट्रंकेला अजून आहे. त्यात आता नातीची जुनी पुस्तकं आहेत आणि त्यांनाही तो लागलाय.

कायमचा परत आलो तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण व्हायची होती. मुंबईहून रात्रीची एसटी धरली आणि सकाळी मालवण. पहिलं वर्ष बरं गेलं नाही. दर चार तासांनी जाग यायची, वॉच बदलायची वेळ झाली असं वाटून. डिसेंबरातसुद्धा पंखा पाचवर, कारण आवाज थांबला की झोप उडायची. इंजिन बंद पडलं की काहीतरी बिघडलंय, हे अंगात मुरलेलं. आंघोळ दोन तांब्यांत उरकायचो. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळे. विहीर काठोकाठ भरलेली असताना मी पाणी वाचवतोय हे बघून बायको हसायची, नंतर चिडायला लागली. नोकरीसाठी एके ठिकाणी गेलो तर तिथल्या साहेबांनी कागद चाळून वॉचमनची जागा देऊ केली, “नेव्हीत होतात म्हणजे बंदूक चालवता येत असेल.” नमस्कार करून उठलो. मग धक्क्यावर एका ओळखीच्या ट्रॉलरचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखलं की इंजेक्टर गेलाय, आणि तेव्हापासून आजतागायत हात काळेच आहेत.

आता तो कापलेला अर्धा. संग्रहालयाने बोट खरी ठेवली आहे, आतली यंत्रं जिथल्या तिथे आहेत, फार थोड्या ठिकाणी अशी आतून चालत बघता येते. पण वास नाही, उकाडा नाही, आवाज नाही. ते आणता येणारही नाही, आणलं तर लोक दुसऱ्या कप्प्यातून परत फिरतील. जागोजागी नौसैनिकांचे पुतळे आहेत, सगळे दाढी केलेले, इस्त्रीच्या कपड्यात. बोट परत यायची तेव्हा आमचे चेहरे बघून धक्क्यावरचे लोक दोन पावलं मागे सरायचे. एखादा पुतळा दाढीवाला, तेलकट बनियनमधला करा, अर्धा मार्क लगेच परत.

या जागेचं खरं भांडवल म्हणजे आतले वाटाडे. निवृत्त नौसैनिक आहेत. आमच्याबरोबरच्याने मला इंजिनांपाशी रेंगाळताना पाहिलं आणि नेहमीचं भाषण मध्येच थांबवून विचारलं, “कौन सी बोट, सर?” वागीर म्हणालो. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं हातवाऱ्यांनी बोललो, मुद्दाम, पोरांना दाखवायला. चहा आण ही खूण त्याच्या बोटीवर वेगळी होती. यावर वाद झाला.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद असतं, इतर दिवशीही वेळ आधी विचारून घ्या, बहुतेक दिवशी दुपारनंतरच उघडतं. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत मागचा ढकलतो आणि पाचवा कप्पा निघून जातो. जाड माणसांनी घाबरू नये, गोल दारातून एक पाय आधी, मग डोकं, मग उरलेलं, असं जमतं. मात्र गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी खरंच विचार करावा. जवळच ७१च्या विजयाचं स्मारक आहे, तेही बघा. पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच किनाऱ्याबाहेर बुडाली आणि अजून तळाशीच आहे. आत तिच्याही लोकांना असेच बंक असणार, हे मी बायकोला सांगितलं, तिने मान हलवली आणि आम्ही कणीस घेतलं.

रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणीचं विमान ठेवलंय, २०१७पासून. पाणबुड्या शोधायचं त्यांचं काम, म्हणजे सरावात आमच्या मागावर हेच. नातीचा हट्ट म्हणून तिथेही गेलो. चांगलं आहे, साडेतीन देतो. त्यांना खिडक्या होत्या.