युरिया लावून मुरवलेला बांबूचा पाला: ४० किलोची गोणी घ्यावी का?

मुंबईच्या उपनगरात चार-सहा गायींचा गोठा चालवायचा म्हणजे वैरणीची काडीन् काडी विकत घ्यावी लागते. त्यामुळे चाऱ्याच्या दुकानात मिळणारी ही गोणी लक्ष वेधते. माल घेण्याजोगा आहे, पण आटलेल्या किंवा कमी दुधाच्या गाईसाठी. भरपूर दूध देणाऱ्या गाईची मुख्य वैरण म्हणून नाही. युरियातल्या अमोनियाने पाल्याचे तंतू सैल होतात, नत्रही वाढतं. बांबूतली सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कडक घटक, मात्र तशीच राहते आणि पचनाला तिथेच मर्यादा पडते.

पाल्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, एकसारखी आहे. काही गोण्यांत बांबूच्या टोकदार काटक्या निघतात. त्या वेचून काढा, तोंडाला जखम करतात.

मोठी उणीव म्हणजे गोणीवर पाला मुरायला ठेवल्याची तारीख नाही. १०० किलो वाळलेल्या पाल्याला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, आणि हवाबंद दाबून २१ दिवस, हे प्रमाण. पाणी कमी पडलं किंवा गोणी लवकर फोडली तर युरियाचा अमोनिया होत नाही. युरिया तसाच पोटात जातो आणि तिथे एकदम फुटून अमोनियाची विषबाधा होते. गाय थरथरते, लाळ गाळते, पोट फुगतं. तासाभरात जिवावर बेततं. अशा वेळी डॉक्टरांना लगेच बोलवा. म्हणून घेताना गोणी उघडून बघाच. रंग सगळीकडे सारखा तपकिरी-पिवळा हवा, वास नाकात झोंबणारा हवा. पांढरे दाणे दिसले तर गोणी परत करा. बुरशी असली तरी तेच. पावसाळ्यात उघडी गोणी फार लवकर बुरसते.

खायला घालण्याआधी पाला रात्रभर सावलीत पसरून ठेवा, म्हणजे वास उतरतो. सुरुवात १ किलोने, तीही दुसऱ्या वैरणीत मिसळून. दहा-बारा दिवसांत ४ किलोपर्यंत न्या, त्यापुढे नको. पाणी वगळून मोजलं तर ४०० किलोच्या गाईच्या रोजच्या खुराकाचा हा साधारण पाव हिस्सा होतो. सोबत पेंड आणि खनिज मिश्रण हवंच. कच्चं सोयाबीन अजिबात देऊ नका, त्याने उरलासुरला युरिया झपाट्याने फुटतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि उपाशी गाईला हा पाला वर्ज्य.

आता भाव. या पाल्यात सुमारे ३५ टक्के पाणी असतं, म्हणजे ४० किलोत कोरडा माल २६ किलो. कडब्याच्या कुट्टीत १० टक्के पाणी धरलं तर तेवढ्याच वजनात ३६ किलो कोरडा माल मिळतो. तेव्हा गोणीची किंमत तेवढ्याच कुट्टीच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त सांगितली, तर कुट्टीच घ्या.