मयताचं करविषयक अपील: आयकरात एक नियम, सेस्टॅटमध्ये दुसरा

करदाता गेला आणि त्याचं अपील मागे राहिलं, की घरच्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: वारसांची नावं लावून घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. अपील कुठल्या न्यायाधिकरणात आहे आणि ते केलं कोणी, मयताने की कर खात्याने, हे आधी बघावं लागतं. कधी कधी नाव न लावण्यातच वारसांचं हित असतं.

आधी आयकर. पुणे, नागपूर, मुंबई किंवा पणजी, खंडपीठ कुठलंही असो, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या 1963 च्या नियमांतला नियम 26 लागू होतो. करदाता वारला तरी अपील संपत नाही. तो अपीलकर्ता असेल तर वारस ते पुढे चालवतात, खातं अपिलात असेल तर ते वारसांविरुद्ध चालतं. नियमात दिवसांची मुदत नाही. सुधारित फॉर्म 36 मध्ये, म्हणजे अपिलाच्या अर्जात, करदात्याच्या नावाच्या जागी ‘कै. अमुक यांचे कायदेशीर वारस तमुक’ असं लिहायचं, मृत्यूचा दाखला जोडायचा आणि नवा वकालतनामा द्यायचा. हा शेवटचा कागद हमखास विसरला जातो. मयताने सही केलेला वकालतनामा त्याच्याबरोबरच संपला, आणि मयताच्या नावाने झालेला आदेश पुढे टिकवणं अवघड जातं.

सेस्टॅट, म्हणजे सीमाशुल्क, उत्पादन शुल्क आणि सेवाकराचं न्यायाधिकरण, इथे गणित उलटं आहे. 1982 च्या नियमांतला नियम 22 म्हणतो की पक्षकार वारला तर अपील अ‍ॅबेट होतं, म्हणजे आपोआप संपतं. ते टिकवायचं तर 60 दिवसांत अर्ज हवा. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण 60 दिवस म्हणजे किती? दिवसकार्य, बँकेची खाती, विमा, भाडेकरू यांतच ते निघून जातात आणि सेस्टॅटची फाइल कपाटात कुठे आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नसतं.

मग अर्ज करावा का? अपील मयताचं असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा ‘करा’ असंच आहे. ऑगस्ट 2014 पासून सेस्टॅटमध्ये जाण्याआधी मागणीच्या साडेसात किंवा दहा टक्के रक्कम भरावी लागते. अपील संपलं तर खालचा आदेश तसाच राहतो आणि ती रक्कम परत मागायला आधार उरत नाही.

अपील खात्याचं असेल, म्हणजे खाली मयत जिंकला असेल, तर मात्र वारसांनी हौसेने पुढे होऊ नये. मृत्यूचा दाखला न्यायाधिकरणाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कार्यालयात, द्यावा आणि थांबावं. एकल मालकाच्या, म्हणजे धंदा एकट्याच्याच नावावर असलेल्याच्या, बाबतीत तर 2015 च्या शबीना अब्राहम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जुन्या उत्पादन शुल्क कायद्यात मेलेल्या माणसाची करआकारणी वारसांवर पुढे चालवण्याची तरतूदच नव्हती. अशा वेळी स्वतःहून नाव लावून घेणं म्हणजे संपत आलेला वाद आपल्या दारात आणून बांधणं.

आयकरात ही पळवाट नाही. 1961 च्या कायद्याचं कलम 159 वारसाला थेट करदाता मानतं, आणि नवा आयकर कायदा आला तरी जुन्या वर्षांच्या वादांना तेच लागू राहतं. दिलासा एवढाच की देणं मिळालेल्या मालमत्तेपुरतं मर्यादित आहे. पण कर थकलेला असताना फ्लॅट विकलात किंवा गहाण टाकलात, तर त्या किमतीपुरते तुम्ही स्वतः जबाबदार. जीएसटीतही कलम 93 ने वाट बंद केली आहे: वारसाने धंदा चालू ठेवला तर कर त्याच्यावर, बंद केला तर मयताच्या मालमत्तेतून. त्यामुळे शबीना अब्राहमचा दाखला तिथे चालायचा नाही.

आता सगळे वारस घ्यायचे की एक? कायद्याच्या भाषेत, ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच होऊ शकत नाही तो आवश्यक पक्षकार. ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये उदित नारायण सिंग खटल्यात मांडली. वारसांना ती लावली तर मुद्दा मालमत्तेचं प्रतिनिधित्व होतं की नाही, एवढाच राहतो. जय प्रकाश सिंग खटल्यात (1996) 10 वारस होते, विवरणपत्रं एकानेच भरली होती. बाकीच्यांना नोटीस न जाणं ही अनियमितता आहे, त्याने आकारणी रद्द होत नाही, असं ठरलं. म्हणजे एका वारसावर काम चालू शकतं.

तरीही भावंडांत वाटणीवरून कुरबुर असेल तर सगळ्यांची नावं घ्या. कागद वाढतात, एक बहीण ऑस्ट्रेलियात असेल तर सहीला महिना जातो, पण उद्या ‘दादाने परस्पर तडजोड केली’ हे ऐकावं लागत नाही. घरात एकोपा असेल तर बाकीच्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून एकानेच उभं राहणं सोयीचं. नॉमिनी मात्र केवळ नॉमिनी म्हणून वारस ठरत नाही, बँकेने पैसे त्याच्या हाती दिले असले तरी.

भागीदारी पेढीत भागीदार गेला तर पेढीचं अपील वेगळं आणि त्याच्यावर स्वतंत्र लावलेला दंड वेगळा. वारसांचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्याशी.

वारस दाखल्यासाठी थांबू नका. महाराष्ट्रात तो दिवाणी न्यायालयातून 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली मिळतो आणि जाहीर नोटीस, हरकती यांत महिने जातात. सेस्टॅटचे 60 दिवस त्याची वाट बघत नाहीत. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लावून अर्ज आधी द्या, दाखला मिळाला की नंतर सादर करू असं त्यातच लिहा.