आधी गॅसचा कॅन, मग स्टोव्ह : पॉकेटरॉकेट २ वापरल्याचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला तेव्हा माझ्यासाठी एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट २ हा ट्रेकचा छोटा गॅस स्टोव्ह घेऊन आला. वजन ७३ ग्रॅम, पाय मिटले की मुठीत मावतो. स्टोव्ह नवाकोरा होता म्हणून बॅगेतून आला. त्यावर लागणारा गॅस मात्र विमानातून आणता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही आणि हातातल्या बॅगेतही नाही. वापरून संपलेला कॅनसुद्धा चालत नाही. त्यामुळे पहिले तीन आठवडे स्टोव्ह कपाटात पडून होता आणि मी पुण्यात कॅन शोधत फिरत होते.

स्टोव्हबद्दल सांगायचं ते आधीच सांगते. अकरा महिन्यांत एकदाही रुसला नाही. ज्योत मंद करता येते, पोहे लागत नाहीत, पाय वाकले नाहीत. या मॉडेलला ठिणगीचं बटण नाही, म्हणून दोन लायटर आणि एक काडेपेटी, तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते. बस. बाकी सगळं लिहिणार आहे ते कॅनबद्दल, कारण ट्रेकवर चहा होणार की नाही हे तोच ठरवतो.

बाजारात कॅनची तोंडं मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिलं आट्यांचं. बुटका, घुमटासारखा कॅन, वर छोटी आटेवाली चकती, त्यावर स्टोव्ह फिरवून बसवायचा. याला लिंडाल व्हॉल्व्ह म्हणतात. आटे सात-षोडशांश इंचाचे, आणि कॅनवर बहुधा ईएन ४१७ असा युरोपीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. पॉकेटरॉकेट, जेटबॉइल, प्रायमस, कोव्हिया, फायर मेपल, सगळ्यांचे आटे हेच, त्यामुळे या तोंडाचा कॅन दिसला की कंपनी कोणती हे बघत बसू नका. दुसरं लांब बाटलीचं तोंड. केक-दुकानात ब्लोटॉर्चसाठी किंवा टेबलावरच्या सपाट शेगडीसाठी विकतात ती २२० ग्रॅमची बाटली, कडेला एक खाच असलेली. तिसरं कॅम्पिंगॅझचं, खटकन बसणारं. ते आपल्याकडे मला दिसलं नाही, पण युरोपात जाणाऱ्यांना त्याच्याशी गाठ पडते.

पुण्यात मला लांब बाटल्या लगेच मिळाल्या. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात, शिवाय बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे. आट्यांचा कॅन विचारला की दुकानदार तीच लांब बाटली पुढे करत. शेवटी ट्रेकिंगचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात २३० ग्रॅमचे दोन कॅन मिळाले, किंमत बाटलीच्या तिप्पट. सह्याद्रीत दर महिन्याला जायचं तर हा खर्च परवडेना, म्हणून अडॅप्टर घेतला. एका टोकाला बाटली आडवी बसते, दुसऱ्या टोकाला आटे, खाली तीन पाय.

हा अडॅप्टर मी डिसेंबरात रतनगड–हरिश्चंद्रगडला नेला. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन वर गेलो, पहिला मुक्काम रतनगडाच्या गुहेत. उंची सुमारे १,३०० मीटर. पहाटे चहासाठी उठले, बोटं गारठलेली. बाटली लावली, स्टोव्ह पेटवला आणि निळ्या ज्योतीऐवजी हातभर उंच पिवळा भडका उठला. सेकंदभर काय करायचं ते सुचलंच नाही. मग नॉब फिरवून बंद केला, बाटली काढली आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघितली. खाच खाली गेली होती.

बाटलीच्या आत एक वाकडी नळी असते. बाटली आडवी ठेवून खाच वर केली की नळीचं टोक वरच्या रिकाम्या जागेत राहतं आणि नुसती वाफ बाहेर येते. खाच खाली गेली की टोक द्रवात बुडतं आणि द्रव गॅस थेट बर्नरपर्यंत पोचतो. चांगल्या अडॅप्टरला खाचेत अडकणारी जीभ असते, बाटली उलटी बसूच शकत नाही. मी घेतलेल्याला ती जीभच नव्हती. घरी गच्चीवर चाचणी घेतली तेव्हा योगायोगाने खाच वर होती, म्हणून काही कळलं नाही. गुहेत कोरड्या गवताचं अंथरूण माझ्यापासून दोन हातांवर होतं, याची मला आजही धास्ती वाटते. परतल्यावर पहिलं काम केलं ते जीभ असलेला अडॅप्टर घेण्याचं. दोनशे रुपये जास्त गेले.

याच ट्रेकला दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्टोव्ह बंद असतानाही बाटलीच्या तोंडाशी बारीक फुस्स ऐकू येत होतं. अडॅप्टरमधली रबरी रिंग एका जागी चिरली होती. तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. जोडणी झाली की भांडी घासायच्या साबणाचं पाणी बोटाने तोंडाशी लावायचं, बुडबुडा आला तर पेटवायचं नाही. जास्तीच्या चार रिंगा स्टोव्हच्या पिशवीतच असतात. त्या दिवशी मात्र स्टोव्ह सॅकमध्ये गेला तो गेलाच. कुमशेतला एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. तशी जेवणं सह्याद्रीत मिळतात तिथे मी ती आवर्जून घेते, चार पैसे गावात राहतात आणि गॅसही वाचतो.

लांब बाटलीची दुसरी अडचण थंडीची. तिच्यात बहुतेक वेळा साधं ब्युटेन असतं. ब्युटेन उणे अर्धा अंशाला उकळतं, म्हणजे त्याहून गार झालं की त्याची वाफच धड होत नाही. आपल्याकडे तेवढी थंडी क्वचितच पडते, पण गॅस बाहेर पडताना बाटली स्वतःच गार होत जाते. डिसेंबरातल्या पहाटे बाहेर आठ अंश असतील, तरी पाच मिनिटांत माझ्या बाटलीवर दव जमलं आणि ज्योत निम्म्यावर आली. बाटली थोडा वेळ जॅकेटच्या आत धरली, पुन्हा लावली, चाललं. आट्यांच्या चांगल्या कॅनमध्ये आयसोब्युटेन आणि थोडं प्रोपेन असतं. आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतं, प्रोपेन उणे बेचाळीसला. कॅन विकत घेताना मागचं लेबल वाचा म्हणते ते याच्यासाठी.

गॅस किती लागतो हे मला स्वतः मोजायचं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरला. प्रत्येक वापराआधी आणि नंतर कॅन तोलायचा आणि मार्करने तळावर वजन लिहायचं. घरी गच्चीवर, वारा नसताना, अर्धा लिटर पाणी उकळायला ७ ग्रॅम लागले. रतनगडाच्या नेढ्याजवळ, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाजवळ, वारा भणाणत होता तिथे तेवढ्याच पाण्याला १३ ग्रॅम. गुहेच्या कोपऱ्यात, दोन सॅक आडव्या लावून, ८ ग्रॅम. म्हणजे वाऱ्यात जवळपास दुप्पट गॅस जातो. पण आडोसा कॅनभोवती पूर्ण गुंडाळू नका. स्टोव्ह कॅनच्या डोक्यावर बसतो, उष्णता कोंडली की कॅन तापतो. मी मधेमधे कॅनला हात लावून बघते. कोमट लागला तरी आडोसा मागे सरकवते. आडव्या बाटलीवर रुंद टोप ठेवण्याचंही टाळा, टोपाची धग थेट बाटलीवर येते.

आता लडाख. ऑगस्टमध्ये मी आणि माझी मैत्रीण मार्खा खोऱ्यात गेलो. विमानात कॅन चालत नाही, रेल्वेतही ज्वलनशील गॅस न्यायला मनाई आहे, तेव्हा जे घ्यायचं ते लेहमध्येच. ३,५०० मीटरवर उतरल्यावर शरीराला सवय होईपर्यंत दोन दिवस तसेही थांबायचं असतं, ते कॅन शोधण्यात गेले. मुख्य बाजार आणि चांगस्पा रस्त्यावरच्या ट्रेकिंगच्या दुकानांत आट्यांचे कॅन मिळाले. लांब बाटल्याही दिसल्या, पण एवढ्या उंचीवर मी त्या नेणार नव्हते.

तिथे आधीच्या ट्रेकर्सनी सोडलेले अर्धवट कॅनही कमी पैशांत विकतात. हलवून किती उरलंय ते कळत नाही, दुकानदाराच्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. मी छोटा काटा सोबत नेला होता. त्याच कंपनीचा भरलेला कॅन आधी तोलला, ३७८ ग्रॅम भरला. त्यात गॅस २३०, म्हणजे रिकामा १४८. अर्धवट कॅन २१९ भरला, म्हणजे आत ७१ ग्रॅम. त्याला ‘पाऊण भरलेला’ म्हणत होते. काटा नसेल तर कॅन पाण्याच्या भांड्यात तरंगत सोडा. भरलेला कॅन खोल बसतो, रिकामा वर तरंगतो, पाण्याची रेघ कुठे येते ते बघा. काही कंपन्या ही रेघ कॅनवर छापूनच देतात.

आमचा हिशेब असा होता : दोघींना सकाळचा चहा, ओट्स आणि रात्रीचं सूप-खिचडी धरून रोज ३५ ग्रॅम, सहा दिवसांचे २१०. भरलेला एक कॅन पुरला असता, पण काठावर. म्हणून तो ७१ ग्रॅमवाला पण घेतला, आणि बरं झालं. निमालिंगला, ‘कोंगमारू ला’ ही खिंड ओलांडायच्या आदल्या मुक्कामाला, पहाटे तंबूवर बर्फाचा पातळ थर होता. मोठ्या कॅनमध्ये जेमतेम पन्नास ग्रॅम उरले होते आणि ज्योत मेणबत्तीएवढी. मिश्रण सारख्या प्रमाणात संपत नाही. प्रोपेन आधी उडून जातं आणि तळाशी थंडीला न टिकणारं उरतं. मी जेवणाच्या ताटलीत दोन बोटं पाणी ओतलं, रात्रीच्या थर्मासमधलं, कोमट. कॅन त्यात उभा केला. अर्ध्या मिनिटात ज्योत फुलली, फरफर आवाज पुन्हा सुरू झाला. पाणी कोमटच हवं. उकळतं पाणी किंवा आगीची धग कॅनला कधीही देऊ नका. त्या रात्रीपासून कॅन मी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपले.

उंचीवर अजून एक गोष्ट हिशेबात धरा. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. उकळायला वेळ कमी लागतो, पण डाळ शिजता शिजत नाही. मुगाच्या डाळीची खिचडी आम्ही सकाळीच भिजत घालायचो, झाकणाच्या डब्यात, सॅकच्या वरच्या खणात. भिजवलेल्या खिचडीला न भिजवलेल्यापेक्षा निम्माच गॅस लागला.

युरोपात आल्प्समधल्या टूर द माँ ब्लां या ट्रेकला जाणारे आता आपल्याकडे बरेच आहेत, त्यांच्यासाठी भाच्याने सांगितलेलं जोडते. शामोनीसारख्या गावात आट्यांचे कॅन सहज मिळतात. लहान गावातल्या किराणा दुकानात मात्र त्याला फक्त कॅम्पिंगॅझचे निळे कॅन मिळाले, खटकन बसणारे. त्यावर आपला स्टोव्ह बसत नाही. त्याच्यासाठी वेगळा छोटा अडॅप्टर मिळतो, तो घरूनच न्या. टोचून बसवायचा जुन्या पद्धतीचा कॅन दिसला तर तोही या स्टोव्हच्या कामाचा नाही.

गॅस परत भरून घेण्याबद्दल मला दरवेळी कोणीतरी विचारतं. घरच्या सिलिंडरमधून किंवा पाच किलोच्या छोटूमधून बाटली भरून देणारे आहेत. कृपा करून करू नका. घरच्या एलपीजीत प्रोपेनही असतं, त्याचा दाब साध्या ब्युटेनपेक्षा बराच जास्त, आणि लांब बाटलीचा पातळ पत्रा त्यासाठी बनवलेला नसतो. मार्चमध्ये एका दुकानाने मला नवीन म्हणून दिलेला आट्यांचा कॅन असाच पुन्हा भरलेला निघाला. टोपीचं सील नव्हतं, आट्यांवर घासल्याच्या खुणा होत्या, आणि कॅनचा तळ आत वळलेला असतो तो सपाट झाला होता. काट्यावर तो छापलेल्या वजनापेक्षा ३० ग्रॅम जास्त भरला. मी तो परत केला, पैसे मिळाले नाहीत. तळ आणि सील या दोन गोष्टी दुकानातच बघा, मोबाइलचा टॉर्च लावून बघा.

रिकाम्या कॅनचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. हरिश्चंद्रगडावर एका टाक्यात मला दोन लांब बाटल्या तरंगताना दिसल्या. ज्या टाक्याचं पाणी आपण पितो, त्यात! काठीने ओढून काढल्या आणि खाली पाचनईपर्यंत आणल्या. भंगारवाले दाबाचा डबा म्हणून घेत नाहीत, तेही बरोबरच आहे. मी उघड्यावर, आगीपासून लांब, स्टोव्हमधून उरलासुरला गॅस पूर्ण जाळते. ज्योत विझली की नॉब उघडाच ठेवून तासभर थांबते, मग खिळा ठोकून भोक पाडते. भोक पडलेला डबा आमचा भंगारवाला मुकाट्याने घेतो.

डिसेंबरात कुलंग गडावर जायचं ठरतंय, दोन मुक्काम, चौघंजणं. कपाटात तीन कॅन आहेत. तळावर मार्करने लिहिलेले आकडे ३७८, २६५ आणि १८२, तिन्ही एकाच कंपनीचे, रिकामे १४८. म्हणजे गॅस २३०, ११७ आणि ३४. मधला आणि शेवटचा नेणार आहे, १५१ ग्रॅम. वर एक लांब बाटली, जीभवाला अडॅप्टर आणि रबरी रिंगांची डबी.