करकोचे पाहायला जाताना : मार्गदर्शकाची सहल की स्वतःची आखणी?

सप्टेंबर सरत आला की पुण्यामुंबईच्या पक्षीमित्रांकडे सहलींची पत्रके येऊ लागतात आणि त्यांत करकोच्यांची सहल हमखास असते. चार-पाच दिवस, सोबत जाणकार मार्गदर्शक, राहण्याजेवणाची सोय आणि हजारो पक्ष्यांचे छायाचित्र. पैसे भरून अशा गटात सामील व्हावे की स्वतःच तिकिटे काढून निघावे, हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. दोन्ही प्रकारांनी जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की, या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या अनुभवापेक्षा ठिकाणावर अधिक अवलंबून आहे. म्हणून आधी ठिकाण ठरवावे आणि मग मार्गदर्शकाचा विचार करावा. येथे दोन ठिकाणांची तुलना करतो : राजस्थानातील खिचन आणि गुजरातेतील कच्छचे छोटे रण.

पक्ष्यांविषयी आधी थोडे सांगायला हवे. हिवाळ्यासाठी आपल्या देशात मोठ्या संख्येने येणारे हे करकोचे, म्हणजे क्रौंच, दोन जातींचे आहेत. कांड्या करकोचा हा जगातील सर्वांत लहान क्रौंच असून त्याची उंची सुमारे ९० सेंटिमीटर असते. डोळ्यामागून निघणारा पांढऱ्या पिसांचा झुपका आणि छातीवर लोंबणारी काळी पिसे ही त्याची ओळख. सामान्य क्रौंच त्याच्याहून उंच, आणि त्याच्या डोक्यावर लाल ठिपका असतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे दिसणारा सारस हाही क्रौंचच, परंतु तो स्थलांतर करीत नाही, त्यामुळे या तुलनेत तो येत नाही.

खिचन हे फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवरचे गाव आहे. जोधपूरहून फलोदी सुमारे १४० किलोमीटर असून तेथे रेल्वेही जाते. मंगोलिया, कझाकस्तान या भागांत वीण उरकलेले कांड्या करकोचे हिमालय ओलांडून ऑगस्टअखेरीपासून येथे उतरू लागतात आणि मार्चपर्यंत राहतात. स्थानिक लोक त्यांना कुरजां म्हणतात, आणि एकदा त्यांचा आवाज ऐकला की हे नाव कोठून आले ते सांगावे लागत नाही. १९७० च्या दशकात रतनलाल मालू यांनी पक्ष्यांना नियमाने दाणे घालायला सुरुवात केली, पुढे गावातील जैन समाजाने आणि इतरांनी ते काम उचलून धरले, आणि त्यातून कुंपण घातलेले चुग्गाघर, म्हणजे दाणे टाकण्याचे आवार, उभे राहिले. ऐन हंगामात येथे वीस हजारांहून अधिक पक्षी असतात. गावालगतचा ‘विजयसागर’ तलाव आणि ‘रात्री नाडी’ हे तळे या दोन पाणवठ्यांना मिळून जून २०२५ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

येथील दिनक्रम इतका ठरलेला आहे की नवख्यालाही तो एका दिवसात समजतो. गावाबाहेरच्या उघड्या माळावर रात्र काढलेले थवे तांबडे फुटल्यावर हवेत उठतात, गावावर घिरट्या घालतात आणि एकाने धीर केला की एकामागून एक तुकडी चुग्गाघरात उतरू लागते. शेजारच्या घरांच्या गच्चीवरून हे सारे साध्या दुर्बिणीने, किंबहुना दुर्बिणीशिवायही दिसते. दाणे टिपून झाले की पक्षी पाणवठ्यावर जातात, पाणी पितात, अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि दुपारपर्यंत तेथेच रेंगाळतात. हे पाहण्यासाठी मार्गदर्शकाने काय दाखवायचे? पक्षी स्वतःच समोर येतात. ज्याला करकोचे पाहायचे आहेत आणि दोन पहाटे हाताशी आहेत, त्याने खिचनसाठी सहलसंस्थेला पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. मुंबईहून जोधपूरला थेट गाडी आहे, तेथून वाहन मिळते आणि मुक्काम फलोदीत किंवा गावातच करता येतो.

मार्गदर्शित सहलीत खिचनचा वेळ बहुधा आखडता असतो, ही माझी मुख्य तक्रार आहे. एका सहलीत आम्ही चोवीस जण होतो. बसमधून उतरून गच्चीवर पोहोचेपर्यंत सूर्य चांगला वर आला होता आणि न्याहारीनंतर लगेच जैसलमेरकडे निघायचे होते, त्यामुळे पाणवठ्यावरची दुपार आम्हाला मिळालीच नाही. पुढल्या वर्षी दोघेच गेलो आणि दोन दिवस राहिलो, तेव्हा कुटुंबे कशी एकत्र चालतात, फिक्या रंगाची पिले आईबापांच्या मधोमध कशी असतात, हे सावकाश पाहता आले. मात्र ताल छापर अभयारण्यातील काळविटे, तेथील भोवत्ये हे शिकारी पक्षी आणि जैसलमेरकडील माळढोकाचा प्रदेश हे सारे एकाच फेरीत जोडायचे असेल, तर अंतरे मोठी असल्यामुळे गटाची सहल खरोखर सोयीची ठरते. अशा वेळी आपण पैसे करकोच्यांसाठी देत नसून उरलेल्या पक्ष्यांसाठी देत आहोत, एवढे मनाशी स्पष्ट असावे.

छोट्या रणाची गोष्ट अगदी वेगळी आहे. रानगाढवांसाठी १९७३ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचे आहे. अहमदाबादहून बजाणा-झैनाबादच्या बाजूने सुमारे १०० किलोमीटरवर त्याची कड लागते. येथे चुग्गाघर नाही. दोन्ही जातींचे करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, सकाळी पीक काढलेल्या शेतांत पांगतात आणि संध्याकाळी ओळीने परततात. पण कोणत्या पाण्यात किती थवे आहेत हे पावसाच्या प्रमाणानुसार दरवर्षी आणि हंगामातही बदलत जाते. सपाट, खुणा नसलेल्या जमिनीवर वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असते आणि गाडी रुतली की दिवस गेला. प्रवेशासाठी वनखात्याचा परवानाही लागतो. त्यामुळे येथे स्थानिक मार्गदर्शकावाचून जाऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. रणाच्या कडेच्या गावांत वाढलेल्या माणसाला पाणी कोठे टिकले आहे, कोणत्या शेतात कापणी झाली आहे, हे कालपरवाचे ठाऊक असते, आणि ते ज्ञान कोणत्याही नकाशात मिळत नाही.

शिवाय येथे ओळख पटवणे कठीण आहे. दूरवर उडणाऱ्या मिश्र थव्यात मानेचा काळा रंग छातीपर्यंत उतरला आहे की मानेच्या पुढच्या भागापुरताच आहे, एवढ्यावरून जात ठरवायची असते. सामान्य क्रौंचाचा आवाज तुतारीसारखा दूरवर जातो, कांड्या करकोच्याचा त्यामानाने घोगरा असतो, आणि पिलांची बारीक शीळ मोठ्यांच्या गलक्यात वेगळी ऐकायला कान तयार व्हावा लागतो. स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) घेऊन आलेला चांगला मार्गदर्शक एका संध्याकाळी जे शिकवतो, ते मला एकट्याने शिकायला कितीतरी हिवाळे लागले असते.

हंगामाचा हिशेबही दोन्हीकडे सारखा नाही. शरदातले आगमन पाहायचे असेल तर खिचन सरस, कारण ऑक्टोबरात तेथे थव्यांत रोज भर पडत असते. छोटे रण पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर खुले होते. तेव्हाही बराच भाग पाण्याखाली असतो आणि गाड्या आत फारशा जाऊ शकत नाहीत. दिवाळी लवकर आली तर रणाची सहल टाळून नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर धरावा. पत्रकात ‘स्थलांतर पाहा’ असे लिहिलेले असते, पण दोन्ही ठिकाणी आपण मुख्यतः आलेल्या पक्ष्यांचा मुक्काम पाहतो. प्रत्यक्ष वाटेवरचे थवे पाहायचे असतील तर नेपाळच्या काली गंडकी खोऱ्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस जावे लागते, आणि तेथे हवामानाची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट तारखा ठरवताना ध्यानात असावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे बर्ड फ्लूने अनेक करकोचे मेले होते. असा प्रसंग आल्यास पाणवठ्यांजवळ जाणे बंद होऊ शकते. स्वतः आखलेला प्रवास अशा वेळी पुढे ढकलता येतो, तर गटाच्या सहलीत पैसे परत मिळण्याच्या अटी आधीच लेखी विचारून घ्याव्या लागतात.

गटातच जायचे ठरले, तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. एका मार्गदर्शकामागे किती माणसे आहेत? मला आठांच्या वर नको वाटतात. प्रत्येक ठिकाणी किती पहाटे आणि किती संध्याकाळी मिळणार आहेत? दिवसांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. आणि छायाचित्रासाठी थवा उठवला जातो का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर ती सहल सोडावी. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या चौकटीसाठी पुन्हा हवेत उडवणे हा अन्याय आहे, आणि खिचनसारख्या ठिकाणी, जेथे विजेच्या तारांना धडकून करकोचे मरत आले आहेत, तो जीवघेणाही ठरू शकतो.

ज्येष्ठ नागरिक, एकट्याने प्रवास करणाऱ्या व्यक्ती किंवा लहान मुलांसह जाणारी कुटुंबे यांना गटाची सोबत खिचनलाही हवीशी वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. इतरांना मी मधला मार्ग सुचवीन. प्रवास आणि मुक्काम स्वतः ठरवावा. खिचनला मार्गदर्शक न घेता दोन रात्री राहावे. रणात मात्र कडेच्या गावातील मार्गदर्शक त्याच्या जीपसह दोन दिवसांसाठी घ्यावा, आणि पहिली फेरी संध्याकाळची ठेवावी, म्हणजे थवे रात्री कोणत्या पाण्यावर उतरतात ते कळते आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी तेथे पोहोचता येते.