'पेट साउंड्स', मोनो एलपी: डावा चॅनल गेल्यानंतर

रेकॉर्ड प्लेअरच्या अँपचा (अँप्लिफायरचा) डावा चॅनल, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज, गेला. सर्व्हिसवाल्याने नीट उघडूनही न बघता 'पूर्ण बोर्ड बदलावा लागेल' असं सांगितलं आणि जो आकडा टाकला, त्यात जुन्या बाजारात दुसरा अँप आला असता. वर तपासणीचे पैसे वेगळे. भांडून अँप तसाच घरी आणला. तेव्हापासून एकच स्पीकर वाजतो आणि स्टिरिओ रेकॉर्ड अर्धवट ऐकू येतात, कुठे गिटार गायब, कुठे कोरस. बीच बॉईज या अमेरिकन बँडची 'पेट साउंड्स' ही तबकडी मात्र मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये, म्हणून ती पूर्ण वाजते.

घेतली तेव्हा याच मोनोवरून मी वैतागलो होतो. एवढे पैसे मोजून जेमतेम ३६ मिनिटांचं संगीत, आणि तेही सगळं मधोमध गोळा झालेलं!

बँडची गाणी रचणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोनो ठेवण्याचं कारण तेवढंच नाही. १९६६ साली अमेरिकेत पॉप गाणी पोचायची ती एएम रेडिओवरून, गाडीतल्या एकाच स्पीकरमधून. शिवाय कुठलं वाद्य कशात विरघळवायचं हे त्याला स्वतःच ठरवायचं होतं. हे वेड संगीत-निर्माता फिल स्पेक्टरकडून घेतलेलं. बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना हा लॉस एंजेलिसमध्ये हॅल ब्लेन, कॅरल के अशा स्टुडिओतल्या वादकांना घेऊन बसला. वाद्यमेळ टेपच्या चार ट्रॅकवर (वेगवेगळ्या पट्ट्यांवर) घ्यायचा, मिसळून एकाच ट्रॅकवर उतरवायचा, उरलेल्या जागेत आवाज भरायचे. एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नसे, त्यामुळे खरा स्टिरिओ आला थेट १९९७ मध्ये, सेशनच्या मूळ टेपा पुन्हा जुळवून. त्यातही पहिल्याच गाण्याच्या मधल्या भागात बँडमधल्या माइक लव्हऐवजी ब्रायनचा आवाज!

एका स्पीकरवर कान आधी बासकडे जातो. यातल्या 'गॉड ओन्ली नोज' या गाण्यात बास कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) मूळ स्वरावर क्वचितच टेकतो, आजूबाजूला तरंगत राहतो. पेटीवर बसवायला गेलो तर सा पांढरी तीन की पांढरी सहा, काही केल्या ठरेना. २३ वर्षांच्या पोराने हे रचलंय! शब्द टोनी अॅशरचे, आणि हा माणूस मूळचा जाहिरातींचा. गायलाय धाकटा भाऊ कार्ल. तीन मिनिटांच्या आत सगळं उरकतं.

हे लिहायला घेतल्यावर शेजाऱ्यांचा अँप मागून आणला आणि दोन्ही स्पीकरवर स्टिरिओ ऐकला. फ्रेंच हॉर्न, घुंगरासारख्या घंटा सुट्या ऐकू आल्या. मजा आली, खोटं का बोलू? आधी मी मित्रांना 'स्टिरिओच्या वाटेला जाऊ नका' असं सांगत होतो, ते आता सांगणार नाही. एखादं वाद्य शोधायचं असेल तर स्टिरिओ बरा. पण गाणं म्हणून ऐकताना ते पातळ वाटतं. मोनोत एकॉर्डियन कुठे संपलं आणि ऑर्गन कुठे सुरू झाला ते कळतच नाही. ब्रायनला तेच हवं होतं.

पाकीट कोपऱ्यातून चेपून आलं, ते सोडून देतो. माझी खरी तक्रार 'स्लूप जॉन बी'बद्दल आहे. ते बहामाचं लोकगीत, ब्रायनने रचलेलं नाही. सिंगल म्हणून आधीच गाजलं होतं, म्हणून पहिल्या बाजूच्या शेवटी चिकटवलंय. मांडणी झकास आहे, पण आसपासच्या गाण्यांशी त्याचं काही नातं नाही. तिथे मी सुई उचलतो. ३६ मधली तीन मिनिटं गेली की भाव आणखी चढा वाटतो, तो भाग वेगळा.