झेबेकच्या पेटीतून गुराब

किंमत आधी सांगून टाकतो, कारण माझ्या दातांच्या दवाखान्यात मी बांधलेलं गुराबीचं, म्हणजे मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं, लाकडी मॉडेल बघणारा प्रत्येक पेशंट तोंड उघडण्याआधी तेच विचारतो. किट, कुरिअर आणि कस्टम्सची ड्युटी मिळून २८ हजारांच्या आसपास गेले. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, तेव्हा हे लिखाण तिकडे पोचू नये एवढीच इच्छा.

माल काय, तर युरोपात तयार झालेलं झेबेक, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या जुन्या शिडाच्या जहाजाचं लाकडी किट. प्रमाण १:६०, तीन डोलकाठ्या, फळ्यांचे दोन थर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बऱ्याच शिव्या आहेत. आतला सांगाडा आणि पहिल्या थराच्या फळ्या पैसे वसूल करून देतात, वरचं बरंचसं सामान कपाटात पडून राहण्याच्या लायकीचं आहे, आणि तरीही आपल्या किनाऱ्याचं जहाज करायचं असेल तर मी पुन्हा हेच किट घेईन.

झेबेकच का? लाकडी जहाजांच्या किटचा बाजार बघितलात तर सगळीकडे तीच वरात दिसते: व्हिक्टरी, बाउंटी, कटी सार्क. देखणी आहेत, वाद नाही. पण देवगडात राहून, विजयदुर्ग हाकेच्या अंतरावर असताना, मी नेल्सनचं जहाज कशाला बांधत बसू? मला आंग्र्यांची गुराब हवी होती. गुराबीचं किट काही मला मिळालं नाही, आणि मूळ गुराबीही आज बघायला उरलेल्या नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफांच्या माऱ्यात तिथल्या एका जहाजाला आग लागली, तेही आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं, आणि एकमेकांना खेटून उभं असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या आगीत गेलं. आपले सुतार कागदावर नकाशे काढून जहाजं बांधत नसत. मागे राहिली ती वर्णनं, आणि तीही बरीचशी शत्रूने लिहिलेली.

त्यातलं एक वर्णन मात्र मॉडेल करणाऱ्याला देवासारखं भेटतं. अठराव्या शतकातल्या एका इंग्रज इतिहासकाराने गुराब तपशिलात नोंदवून ठेवली आहे. बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोनवाली १५० टनांच्या घरातली, तीनवाली ३०० च्या. बूड पाण्यात फार खोल न जाणारं. लांबीच्या मानाने अंग बरंच रुंद, आणि पुढे फुगीर छाती नाही तर भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी बाहेर आलेली चोच. ही चोच वाचली आणि झेबेक डोळ्यांसमोर आलं. झेबेकही उथळ पाण्यातलं, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारं, अल्जियर्सच्या चाच्यांचं लाडकं जहाज. इंग्रज आंग्र्यांनाही चाचेच म्हणत, म्हणजे तिथेही जुळलंच.

जुळत नाही ती रुंदी. झेबेक अंगाने सडपातळ. म्हणून किट उघडल्यावर पहिलं काम केलं ते पुस्तिका बाजूला ठेवण्याचं. नाहीतरी ती चार भाषांत आहे आणि चारही भाषांत सारखीच मुकी. "आता फळ्या बसवा" एवढ्या एका ओळीत तिने अर्धं जहाज उरकलंय. सोबतचे मोठे नकाशे मात्र खऱ्या मापाचे आहेत, त्यावर पट्टी ठेवून थेट माप घेता येतं. ते जपून ठेवा.

सांगाड्याबद्दल बोलायचं तर टोपी काढतो. प्लायवुडचा कणा काचेवर आडवा ठेवला आणि खालून कागद सरकवून पाहिला; कुठेच आत गेला नाही. कोकणातल्या हवेत आलेलं प्लाय इतकं सरळ राहिलेलं मी फर्निचरच्या दुकानातही बघितलेलं नाही. आडव्या चौकटी, म्हणजे बल्कहेड, लेझरने कापलेल्या आहेत आणि खाचेत थोडं दाबून घट्ट बसतात. लेझरने कडा करपतात, तो काळा थर पॉलिश पेपरने काढावाच लागतो, नाहीतर गोंद धरत नाही. गुराबीसाठी मी प्रत्येक बल्कहेड कण्याच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना उभा कापला आणि मध्ये चार-चार मिलिमीटरची पट्टी घातली. एकूण आठ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या जहाजात जवळजवळ दीड फूट. बघायला थोडंच वाटतं, पण पोटाचा सगळा घाट बदलतो. याचा परिणाम असा की किटमधला तयार डेक बाद होतो. तो कार्डबोर्डवर नव्याने आखून कापावा लागतो. एवढी खटपट नको असेल तर सरळ झेबेकच बांधा, तेही छान होतं.

आता माझ्या धंद्यातली एक युक्ती फुकट देतो. दाढ भरल्यावर ती उंच झाली का हे बघायला आम्ही निळा कागद चावायला देतो. जिथे निळा डाग उमटतो तिथे दाढ उंच. बल्कहेडच्या कडा फळीच्या वळणाप्रमाणे तिरप्या घासाव्या लागतात, आणि कुठे किती घासायचं हे डोळ्यांना कळत नाही. मी फळी आणि बल्कहेडच्या मध्ये तोच कागद धरला, फळी दाबून दोनदा पुढेमागे केली. निळं लागलं तेवढंच घासलं. डाग कडेच्या एका कोपऱ्यावरून पसरत पसरत पूर्ण कडेवर आला की थांबायचं. हा कागद डेंटल सप्लायवाल्याकडे मिळतो आणि एक डबी जन्मभर पुरते.

पहिल्या थराच्या फळ्या लाइमवुडच्या आहेत, दीड मिलिमीटर जाडीच्या. लाकूड मऊ, सरळ रेघांचं, गाठ औषधालाही नाही. गरम पाण्यात भिजवून सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या नळीवर हळूहळू फिरवलं की वळतं. इथे मला आमच्या बंदरावरच्या तात्यांचा आधार झाला. मच्छीमारांच्या होड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता कवळीच्या मापासाठी माझ्याकडे येतात. खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावरचा सांगाडा बघून म्हणाले, "डॉक्टरांनू, फळी तापवल्याशिवाय वळाची नाय. जबरदस्ती केलास तर मोडतली." मग चष्मा लावून पुढचं टोक निरखलं. "आणि नाळीकडे फळी अशीच रुंद ठेवलास तर ती वर चढतली. टोकाक निमूळती करूक होयी."

जे पुस्तिकेने चार भाषांत सांगितलं नाही ते तात्यांनी कापूस तोंडात असताना सांगितलं. गोष्ट साधी आहे. पोटाशी जहाजाचा घेर मोठा, नाळीशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लहान. फळ्यांची संख्या दोन्हीकडे तीच. तेव्हा पाच मिलिमीटरची फळी नाळीशी येईपर्यंत तीनवर यायला हवी. न केल्यास फळ्या वर सरकत जातात आणि शेवटी खाली पाचरीसारखी फट उरते. मागच्या बाजूला उलट, तिथे घेर पसरतो म्हणून मध्ये निमुळते तुकडे घालावे लागतात. माझ्या जहाजाची नाळ तात्यांनी बोट फिरवून पास केली. मग तोंड धुवून विचारलं, "ह्या पाण्यात तरंगतला काय?" तरंगत नाही, हे ऐकून त्यांचा जो काही आदर होता तो बराच कमी झाला.

दुसरा थर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा. इथून किटची घसरण सुरू. पट्ट्या ठिसूळ, रंगात एकसारख्या नाहीत, आणि गठ्ठ्यातल्या बऱ्याच चिरलेल्या. शिवाय अक्रोड आपल्याकडच्या जहाजात आलं कुठून? खरी जहाजं सागाची, म्हणून साग वापरावा असं कोणालाही वाटेल. तो वापरू नका. सागाच्या रेषा ठसठशीत असतात आणि १:६० ला एकेक रेष फुटाएवढी दिसते. मी हेदू वापरला. बारीक पोताचं, पिवळसर लाकूड, कापताना कडा सुटत नाहीत. सॉ मिलवाल्याकडून पट्ट्या पाडून घेतल्या, जाडी घरी घासून कमी केली आणि पाण्यात कालवलेल्या तपकिरी डायचा हात दिला. लांबून सागच वाटतो.

तोफा. किटमध्ये ओतीव धातूच्या एकाच मापाच्या तोफा आहेत, आणि साच्याचा सांधा प्रत्येकीच्या अंगावर वळासारखा उठलेला. गुराबीत हे चालत नाही. गुराबीची सगळी मजा पुढच्या दोन तोफांत. चोचीवरचा डेक आणि मुख्य डेक यांच्यामध्ये आडवी भिंत, त्या भिंतीत झरोके, आणि झरोक्यांतून चोचीवरून सरळ समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी, म्हणजे आखूड. पाठलाग करताना समोरच्याच्या मागच्या भागावर, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे मारा करायचा, असा हा हिशोब. पुढच्या तोफा मी साडेचार सेंटिमीटरच्या धरल्या, बाजूच्या साडेतीनच्या. त्या सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून लेथवर कातून घेतल्या. त्याने नमुना बघितला, "बुद्धिबळातला उंट आडवा पाडला की झालं" म्हणाला आणि संध्याकाळच्या आत हातात दिल्या. आकार किटच्या तोफांपेक्षा कितीतरी रेखीव. पैसेही फारसे घेतले नाहीत.

कप्प्यांची तीच गत. तीन मिलिमीटरच्या कप्पीत भोक मध्यावर नसेल तर दोरी ताणली की ती तोंड वाकडं करते. माझ्याकडचे दात कोरायचे बारीक बर वापरून मी बऱ्याच नव्याने कोरल्या. दोरा मात्र पूर्ण बदला. किटमधला दोरा केसाळ आहे आणि उभ्या दोरांसाठी काळा दिलाय, डांबर लावलेल्या युरोपीय दोरासारखा. आपल्याकडे दोर काथ्याचा. त्याचा रंग तांबूस. खरा काथ्या या मापात वापरता येत नाही, कारण त्याचा एक तंतूच जाड पडतो. मी सुती दोरा पानाला लावायच्या कातात उकळला, वाळवला आणि मेणावरून ओढला. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा म्हणजे खऱ्यात तीन सेंटिमीटरचा दोर, डोलकाठीच्या ताणांना अगदी योग्य. सगळ्या जहाजाचा रंग या एका बदलाने देशी झाला, रुंदी वाढवण्यापेक्षाही जास्त. तिसरी डोलकाठी काढून टाकली. शिडं उघडी न लावता परबाणाला, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीला, गुंडाळून बांधली. किटचं शिडाचं कापड इतकं जाड आहे की त्याची गुंडाळी पायजम्यासारखी फुगते. त्यासाठी जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा काढलात तर घडी बारीक पडते.

सेवेबद्दल दोन ओळी पुरतील. जाळीदार झाकणांची एक पिशवी पेटीत नव्हती. ईमेल केलं, महिन्याने उत्तर आलं, फोटो मागितले, पाठवले, आणि तिथून पुढे शांतता. झाकणं मी हेदूच्याच काड्यांची केली.

हवेचं मात्र ध्यानात ठेवा, कारण किट बनवणाऱ्यांनी कोकणातला जुलै बघितलेला नसतो. पांढरा गोंद पावसाळ्यात दिवसभर ओला राहतो. सुपरग्लू दमट हवेत लाकडावर पांढरट धूर सोडतो आणि तो डाग घासल्याशिवाय जात नाही. फळ्या फुगतात, आणि फुगलेल्या अवस्थेत चिकटवल्या तर डिसेंबरात सांधे उघडतात. फळ्यांचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पावसात तोफा, कप्प्या, दोरकाम, जे टेबलाखालच्या डब्यात मावेल ते.

हे पहिलं किट म्हणून घेऊ नका. आधी एका थराची एखादी छोटी होडी बांधा, हात बसू द्या. पेटीत एकही हत्यार येत नाही: बारीक करवत, चिमटे, छोटा रंधा, ड्रिल, क्लॅम्प हे सगळं वेगळं. आणि ॲक्रिलिकची पेटी आधी धरूनच बजेट करा. गुराबीची चोच आणि मागचा सज्जा मिळून लांबी बरीच होते. पेटी मी कोल्हापुरात करून घेतली, कारण इकडे एवढ्या लांबीची शीट सांध्याशिवाय मिळेना. त्याचा खर्च वरच्या २८ हजारांत धरलेला नाही.