नागपूरच्या धरमपेठेतलं तोंडाच्या आजारांचं क्लिनिक, आमचा अनुभव

आईच्या तोंडात चार महिने फोड यायचे, फुटायचे, हिरड्या सोलून निघायच्या, तर्री पोहा सोडा साधं वरण पण झोंबायचं, आणि आधीच्या एका दवाखान्यात उष्णता म्हणून नुसत्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या होत्या न. इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बायोप्सी सांगितली. फोडाच्या बाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या जागेचा पण तुकडा घेतला, तो फॉर्मालिनमध्ये नाही टाकला, वेगळ्या द्रवात पाठवला कारण फॉर्मालिनमध्ये इम्युनोफ्लोरेसन्सची, म्हणजे तुकड्यातल्या अँटीबॉडी चमकवून दाखवणारी टेस्ट वाया जाते. रिपोर्टात पेम्फिगॉइड निघालं, म्हणजे शरीराच्याच अँटीबॉडी तोंडाच्या आतल्या त्वचेवर उलटतात आणि फोड येतात तो आजार.

कॅन्सर तर नाही न, हा आमचा पहिला प्रश्न. मॅडमनी नीट बसवून सांगितलं की हा आजार म्हणजे कॅन्सर नाही, पण लॅमिनिन ३३२ (त्वचेचे थर जोडून ठेवणारं एक प्रथिन) विरुद्धच्या अँटीबॉडी असल्या तर शरीरात कुठेतरी कॅन्सर लपलेला असू शकतो म्हणून तपासून घ्यायचं. आणि पेम्फिगस म्हणून फोडांचा दुसरा आजार आहे, त्याचा एक दुर्मिळ प्रकार लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आजारांसोबत येतो, तो वेगळा. अॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी जास्त वर्षं चालली तर स्किन कॅन्सर, लिम्फोमाचा धोका थोडा वाढतो, म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही. बाबांच्या खिशातला खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पाहून त्यांनाही तिथेच तोंड उघडायला लावलं, हे मला फार आवडलं.

पार्किंग नाही, अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास बसावं लागतं, म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो, हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. तरी दोन आठवड्यांवर कोणाचा फोड बरा होत नसेल तर इथे दाखवा. आई परवा भाकर खाल्ली, चावून.